अर्धा सूत

नागसेन चष्म्याची दांडी बसवून घ्यायला टेमघरला गेला होता. दांडी बसली, पण डोकं फिरलं.

चष्म्याच्या दुकानाला लागून नवं गेम सेंटर निघालं होतं. केसरीनाथशेठच्या मुलाचं, प्रितेशचं. काचेवर माणसाच्या उंचीचा फलक लावला होता: ‘पी-बूस्ट! जुना कॉम्प्युटर, नवा गेम, अडखळणं बंद! संकल्पना व निर्मिती : प्रितेश.’ नागसेनने तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. आत बारा कॉम्प्युटर मांडले होते. दाराजवळच्या पडद्यावर उजेड आला, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकसं चित्र उमटलं. फणीचं चित्र. चोवीस दाते, आणि त्यातला सातवा किंचित वाकडा.

तो सातवा दाता नागसेनने स्वतः काढला होता. घरी, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. काढताना हात हलला होता.

“काका, आत या ना,” प्रितेशने गल्ल्यावरून हाक मारली. “नातवाला पाठवा. पहिला तास फ्री!”

नागसेनला नातू नव्हता. असता तरी बोलायला तोंड उघडलं नसतं. आयुष्यभर हेच. राग आला की त्याच्या घशात दोऱ्याची गुंडी बसायची आणि शब्द मागेच राहायचे. तो वळला आणि कामतघरपर्यंत चालत आला. रिक्षावाल्यांनी थांबून विचारलं, त्यांच्याकडे बघितलंही नाही. घरात पाऊल ठेवलं आणि मग तोंड सुटलं.

“चोर! बाप चोर, पोरगा चोर! खानदानी धंदा हाय यांचा!”

त्याची बायको मीराबाई डाळ निवडत होती. “चपला काढा आधी. आणि हळू. शेजारी ऐकतात.”

“ऐकू देत! फणी चोरली त्यानं आपल्या पोरीची!”

फणी म्हणजे लूमवरचा, यंत्रमागावरचा, तो पोलादी कंगवा. ताण्याचे हजारो धागे त्याच्या दातांतून जातात, म्हणून एकमेकांत अडकत नाहीत. नागसेन पस्तीस वर्षं जॉबर होता. जॉबर म्हणजे लूमची दुरुस्ती आणि सेटिंग करणारा माणूस. त्याच्या मुलीने, संघरत्नाने, आपल्या कामाला बापाच्या धंद्यातलं नाव दिलं होतं.

काम काय, तर तिला गेम खेळायचे होते. राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये ती मालाची आवक-जावक बघायची, आणि दोन वर्षं एकेक सुटा भाग जमवून तिने घरी गेमचा कॉम्प्युटर उभा केला होता. सगळे भाग जुने. नवं विंडोज त्या जुन्या मशीनवर बसायला तयार नव्हतं, म्हणून तिने लिनक्स टाकलं. जगभरची माणसं मिळून सांभाळतात, फुकट देतात, आणि आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून बघता येतं, अशी ती व्यवस्था. अडचण एकच होती. गेम बनवणारे लिनक्ससाठी बनवत नाहीत. गेम चालायचे, पण जुन्या मशीनवर ठेचकाळत. गाडी वळणावर आली की चित्र गोठायचं. वर्षभर डोकं लावून तिने ते ठेचकाळणं घालवलं. मशीनची मेमरी गेमला किती द्यायची, कधी द्यायची, कधी काढून घ्यायची, असल्या शेदीडशे आकड्यांचा मेळ तिने बसवला, आणि ती सगळी लिखापढी इंटरनेटवर उघड्यावर ठेवली. अट एकच: घ्या, बदला, वाटा, फक्त करणाऱ्याचं नाव पुसू नका.

नागसेनला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. जॉबर आपलं सेटिंग कुणाला सांगत नाही. लिहून तर ठेवतच नाही. सेटिंग डोक्यात असलं तरच मालक दारात येतो. पण त्या कॉम्प्युटरवर एक ट्रकचा गेम होता, डोंगरातून माल पोचवायचा. नागसेन रोज दुपारी त्या ट्रकवर ड्युटी करायचा. फणी आल्यापासून ट्रक घाटात अडखळत नव्हता. तेव्हा तो मनात म्हणायचा, पोरीचा हात जॉबरचा हाय.

संध्याकाळी संघरत्ना आली तेव्हा तो दारातच उभा होता. तिने बॅग टेकवायच्या आत सगळं ऐकून घेतलं.

“मला माहीत आहे, पप्पा,” ती म्हणाली. “आठ दिवस झाले. मी त्याला लिहिलंय, नाव परत लाव म्हणून.”

“आठ दिवस! आणि मला सांगितलं न्हाय?”

“तुम्ही असं करता म्हणून.” तिने पाणी प्यायलं. “त्याने आत काही बदललं पण नाहीये. फक्त वरची पाटी बदललीय. रोज सकाळी त्याची बारा मशीनं इंटरनेटवरच्या माझ्याच पानावरून ताजी फणी उतरवून घेतात. चित्रसुद्धा काढता आलं नाही त्याला.”

“मग त्याचं तोंड बंद कर ना!”

“सोमवारी आपोआप होईल. सोमवारपर्यंत थांबा.”

सोमवारचं घरात सगळ्यांनाच पाठ झालं होतं. ज्या मंडळींचं लिनक्स तिच्या मशीनवर होतं, ती मंडळी दोन महिने फणी तपासत होती. सोमवारी ठरणार होतं. त्यांनी हो म्हटलं की फणी त्यांच्या लिनक्सच्या आतच बसणार, आणि जगात कुठेही कुणी ते टाकलं की करणाऱ्यांच्या यादीत नाव येणार: संघरत्ना रोकडे, भिवंडी. मग प्रितेशची पाटी कितीही मोठी असली तरी वाचणारा हसला असता.

“सोमवार!” नागसेन म्हणाला. “मी बावीस वर्षं थांबलोय.”

“झालं सुरू,” मीराबाई म्हणाली. “आता पट्टी निघणार.”

पट्टी निघालीच. बावीस वर्षांपूर्वी केसरीनाथशेठच्या कारखान्यात नवं सूत आलं होतं आणि लूमच्या कडेला धागे तुटत होते. कंपनीचा माणूस येऊन हात हलवत गेला. नागसेनने पत्र्याची एक पट्टी वाकवून अशी बसवली की तुटणं थांबलं. अठ्ठेचाळीस लूमना ती बसली. इतर कारखानदार बघायला आले. शेठ म्हणाला, “माझी आयडिया हाय.” सत्कार झाला, शाल मिळाली, आणि सगळ्या कामतघरात त्या पत्र्याचं नाव पडलं केसरी पट्टी. नागसेन तेव्हा पाना घेऊन मागे उभा होता.

“पण मी त्याला सोडला न्हाय,” तो म्हणाला. या जागी त्याचा आवाज नेहमी चढायचा. “नोकरी सोडली त्या दिवशी अकरा नंबरच्या लूमचा एक बोल्ट फिरवून आलो. अर्धा सूत! इंचाचा सोळावा भाग! दहा मिनिटं लूम झकास चालायचा आणि मग कापडाचा सत्यानाश. चार दिवस शोधत होते. शेवटी माणूस पाठवला मला बोलवायला. गेलो न्हाय!” मग तो मुलीजवळ सरकला. “तू पण तेच कर. एक आकडा. अर्धा सूत. रविवारी त्याची स्पर्धा हाय, बोर्ड लावलाय.”

संघरत्नाने ग्लास खाली ठेवला.

“पप्पा, ती फणी एकट्या प्रितेशकडे नाहीये. साडेतीनशे लोक वापरतात. शहापूरच्या शाळेत सगळी लॅब त्यावर चालते. मी आकडा हलवला तर सगळ्यांचं मोडेल.”

“दोन दिवस मोडेल. मग नीट कर.”

“नाही म्हटलं ना!”

ती अशी ओरडत नसे. नागसेनने पुन्हा विषय काढला नाही. पण राग गेला नाही. शुक्रवार त्याने चरफडत काढला. जेवताना ताट ढकललं, बातम्या बघताना टीव्हीला शिव्या घातल्या, ट्रक दरीत घातला.

शनिवारी दुपारी संघरत्ना ड्युटीवर होती आणि मीराबाई विहारात गेली होती. नागसेन कॉम्प्युटरसमोर बसला, आणि या वेळी ट्रक सुरू केला नाही.

त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण जॉबरला शिकवतं कोण? उस्ताद पाठ फिरवून काम करायचा आणि पोरं खांद्यावरून बघत बघत शिकायची. संघरत्ना खुर्चीत आणि हा मागे चहाचा कप घेऊन, असं वर्षभर चाललं होतं. कुठली फाईल उघडते, कुठे थांबते, बदल झाला की ‘पाठव’ म्हणून जे बटण तिने स्वतःच्या सोयीला करून ठेवलं होतं ते कधी दाबते, सगळं त्याला पाठ होतं. एकदा तिने कौतुकाने दाखवलंही होतं, “हा बघा, तुमचा बोल्ट. मेमरीचा किती हिस्सा गेमने आधी अडवायचा. पंचवीस टक्क्यांच्या वर गेलो की मशीन हळूहळू गुदमरतं.”

पंचवीसच्या जागी त्याने पंच्याण्णव केलं. हात हलला नाही. बटण दाबलं. पडद्यावर हिरवी ओळ आली आणि गेली. रागाने फुगलेली छाती पहिल्यांदा जरा सैल झाली. त्याने स्वतःसाठी चहा केला आणि त्यात जास्तीची साखर घातली.

रविवारी अकराच्या सुमाराला प्रितेश मोटरसायकल गल्लीत आडवी लावून दारात उभा राहिला. शर्ट घामाने चिकटला होता.

“बाहेर ये! संघरत्ना! काय केलंस तू?”

संघरत्ना केस विंचरत होती, तशीच बाहेर आली. “काय झालं?”

“काय झालं? चौसष्ट पोरं बसलीयत माझ्याकडं! स्पर्धा चालू झाली, दहा मिनिटं मस्त, आणि मग एकामागून एक बारा मशीनं ठप्प! चालू केली, परत ठप्प! पोरं खुर्च्या फेकायला लागली. तुझ्या फणीनं माझी इज्जत घालवली!”

मीराबाई मागून पुढे आली. “कोणाच्या?”

“तुमच्या पोरीच्या!”

“आन बोर्डावर तर तुजं नाव हाय ना? संकल्पना, निर्मिती?” तिने शेजारच्या दारांकडे बघत आवाज वाढवला. “चालली तर तुजी, मोडली तर आमची? वा रे शेठ!”

गल्लीतली माणसं हसली. प्रितेशचा चेहरा काळवंडला. नागसेन दारामागे उभा राहून हे सगळं ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, बावीस वर्षांचं देणं आज फिटलं. शेठच्याच पोराच्या तोंडून फिटलं. सगळ्यांसमोर.

पण संघरत्ना हसली नव्हती. तिच्या हातातला फोन सारखा वाजत होता. एक निरोप, दुसरा, पाचवा, नववा. ती वाचत गेली आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. शहापूरच्या शाळेतल्या बाईंची लॅब बंद होती, सोमवारी मुलांची प्रात्यक्षिकं होती. इचलकरंजीच्या एकाने लिहिलं होतं, ताई, काय केलंत? केरळचा कुणी, ब्राझीलचा कुणी. आणि सगळ्यात खाली त्या मंडळींकडून दोन ओळी: हा बदल तुमच्या नावाने आला आहे. यामुळे मशीन बंद पडते. हा कुणी केला आणि का, ते कळवा.

ती आत गेली. प्रितेशही तिच्या मागोमाग आत घुसला. तिने पान उघडलं. फणीत कुणीही काहीही बदललं की त्याची नोंद तिथे राहते: काय होतं, काय झालं, कधी झालं.

“पंचवीसचे पंच्याण्णव,” ती म्हणाली. “शनिवारी, तीन वाजून बारा मिनिटांनी. माझ्या नावाने.”

“बघ!” प्रितेश म्हणाला. “तूच केलंस!”

“शनिवारी तीन वाजता मी राहनाळला ट्रक मोजत होते.”

मग तिने मान वळवली. नागसेनला वाटलं होतं, कळेल तेव्हा आपण ताठ उभं राहू. तो दाराची चौकट धरून उभा होता.

“अर्धा सूत,” ती म्हणाली. “हो ना?”

“त्यानं तुझं नाव पुसलं,” तो म्हणाला.

“त्याने पाटीवरून पुसलं! तुम्ही आतून पुसलंत!” ती उठली तेव्हा खुर्ची मागे आपटली. “दोन महिने, पप्पा! दोन महिने ती माणसं एकेक ओळ तपासतायत. काय बघतायत माहितीये? आकडे नाही बघत. या बाईवर भरवसा टाकता येईल का ते बघतायत. आणि उद्या सोमवार आहे!”

“म्हणजे काकांनी केलं?” प्रितेशचे डोळे मोठे झाले. “पोलिसात जातो मी!”

“जा!” संघरत्ना त्याच्यावर उलटली. “जा आणि सांग, दुसऱ्याच्या वस्तूवर माझं नाव चिकटवलं आणि ती मोडली. चालता हो!”

तो गेला. मोटरसायकलने गल्लीत धूर सोडला. तोवर तिने पंच्याण्णवचे पंचवीस करून पाठवून दिले होते. दोन मिनिटांचं काम. ताजी फणी उतरवली की प्रितेशची बाराही मशीनं पुन्हा चालणार होती, शाळेचीही. पण त्या मंडळींचा प्रश्न तसाच पडद्यावर होता.

“लिही, चूक झाली,” नागसेन खालच्या आवाजात म्हणाला. “टाईप करताना बोट घसरलं. कुणाचं घसरत न्हाय?”

“घसरतं. आणि ते मानतीलही.” ती त्याच्याकडे बघत नव्हती. “मग मी अशी बाई होईन, जिचं बोट घसरतं आणि जी न तपासता पाठवते. आणि वर खोटं बोलणारी. हे बरं दिसेल? तुम्हीच सांगा.”

“माझ्यासाठी—”

“तुमच्यासाठी काय नाही केलं? नाव तुमच्या धंद्याचं दिलं. चित्र तुमच्या हाताचं लावलं.” तिचा आवाज फाटला. “लहानपणापासून ती अकरा नंबरची गोष्ट ऐकतेय मी. सणाला, लग्नाला, पाहुण्यांना. मला सांगा, त्या अकरा नंबरवर कारागीर कोण होता?”

नागसेनने जरा विचार केला. “राघो.”

“कापड खराब झालं तेव्हा शेठने काय केलं?”

“शोधत होते चार दिवस...”

“राघोचं काय केलं?”

ही गोष्ट शंभर वेळा सांगून झाली होती, आणि ती नेहमी ‘गेलो न्हाय’वर संपायची. त्याच्या पुढेही काही होतं. ते त्याला ठाऊक होतं, पण त्याने कधी सांगितलं नव्हतं.

“काढला त्याला,” मीराबाईच म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी. तुला नीट चालवता येत न्हाय म्हणून. बायको रडत आलती माझ्याकडं.”

नागसेनला बायकोचा राग आला, मुलीचा आला, प्रितेशचा, केसरीनाथचा, त्या मेल्या पट्टीचा आला. पण एवढ्या सगळ्या रागात कुणालाही शिवी देण्याजोगी जागा सापडेना. तो खुर्ची सरळ करून बसला.

“कुठं लिहायचं?” त्याने विचारलं.

“काय?”

“कुणी केला ते विचारलंय ना? लिहितो मी.”

“मराठीत लिहा. खाली मी इंग्रजीत लिहीन.”

पस्तीस वर्षांत त्याने एकही सेटिंग कागदावर उतरवलं नव्हतं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्याला पाऊण तास लागला. संघरत्ना मागे उभी होती, खांद्यावरून बघत. तिने एकाही शब्दाला मदत केली नाही.

“हा आकडा मी बदलला. मुलीला माहीत नव्हतं, ती कामावर होती. एका माणसाने तिचं नाव काढून स्वतःचं लावलं, त्याला अद्दल घडवायला केला. इतरांचं मोडेल हे तिने मला आधी सांगितलं होतं. तरी केला. नागसेन यादव रोकडे, जॉबर, कामतघर, भिवंडी.”

सोमवारी संध्याकाळी उत्तर आलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग मोठ्याने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. खरं लिहिल्याबद्दल आभार. आत्ता फणी घेता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर दुसऱ्या माणसाने वाचून सही केल्याशिवाय एकही बदल जाता कामा नये.

“दुसरा माणूस कोण?” मीराबाईने विचारलं.

“शहापूरच्या बाई. मी त्यांना विचारलंय.” मग बापाकडे न बघता, “पासवर्ड बदललाय. ट्रकसाठी वेगळं खातं करून दिलंय तुम्हाला. त्यातून फणीत काही बदलता येत नाही.”

टेमघरच्या काचेवरचा फलक त्याच दिवशी उतरला होता. प्रितेशने बाराही मशीनांवर दुसरंच काहीतरी टाकलं, असं कुणी म्हणालं. नागसेनने ते ऐकलं आणि त्यात त्याला काही चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नसताना त्याने फणीचं ते पान उघडलं. बघायला पासवर्ड लागत नाही, ते सगळ्या जगाला उघडं आहे. बदलांची लांबलचक यादी, प्रत्येक ओळीपुढे तिचं नाव. आणि वरून तिसऱ्या ओळीखाली त्याचं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, धंद्यासकट. पट्टीवर जे कधी आलं नाही ते इथे आलं होतं, आणि ब्राझीलमधला माणूसही ते वाचू शकत होतं.

संध्याकाळी ती बूट काढत असताना तो म्हणाला, “ते माझं नाव. काढून टाकता येतं का?”

“येतं,” संघरत्ना म्हणाली. दुसरा बूट काढून तिने दोन्ही भिंतीला लावून ठेवले. “पण मी काढणार नाही.”

आणि हात धुऊन ती मशीनसमोर बसली. नागसेन सवयीने चहाचा कप घेऊन तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिने खुर्ची फिरवली, त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये आपली पाठ आणली, आणि कामाला लागली.